चारेक की चारच: इंग्रजीतले मापाचे शब्द शिकताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी कामाला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी), मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी), आणि तिथं एका रात्रीत सगळं इंग्रजीत. कसाबसा तरलो. फौंड्रीत माझ्याकडे डिस्पॅच आणि मेल लिहिण्याचं काम आलं, कारण बाकीच्यांना वाटे की याला इंग्रजी येतं.

एका लॉटमध्ये दोनशे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, होती. त्यातल्या तिसांत ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघाले. परदेशातल्या गिऱ्हाइकाला विचारायचं होतं, काही कास्टिंगमध्ये दोष आहे, माल पाठवू की थांबवू? मी लिहिलं, 'फ्यू कास्टिंग्ज हॅव ब्लोहोल्स.' तासाभरात उत्तर आलं, छान, पाठवून द्या. माझा आनंद बघायला हवा होता. महिन्याभराने तिकडे पेट्या उघडल्या, मोजणी झाली आणि मग जे काय झालं ते आठवलं की अजून कान गरम होतात. मला म्हणायचं होतं 'काही'. त्या माणसाने वाचलं 'जवळपास नाहीतच'. दोन्हींत फरक एका 'अ'चा.

आता संध्याकाळी शहापुरात मी मुलांना इंग्रजी शिकवतो. मराठी शाळेतून पीयूसीला गेलेली किंवा नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलं असतात. मापाचे हे शब्द, म्हणजे मच, मेनी, फ्यू, लिटल, सम, एनी, मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने खाली मांडतो. इंग्रजी शब्द नागरीतच लिहिलेत, वाचताना मोठ्याने म्हणा. आणि 'अ' असा सुटा दिसला तर तो इंग्रजीतला एकाक्षरी शब्द समजा. तो कुठं येतो आणि कुठं गायब होतो यावर डोळा ठेवा.

पायरी 1: कुंदा की मांडा?

बहुतेक मुलं चूक करतात ती इथंच. 'थोडे'ला इंग्रजीत काय, 'खूप'ला काय, असं शब्दाला शब्द पाठ करत जातात. आधी मापाच्या शब्दाकडे बघूच नका. ज्या वस्तूचं माप सांगायचंय तिच्याकडे बघा.

बेळगावचे दोन गोड पदार्थ घ्या. मांडा मोजता येतो. एक मांडा, दोन मांडे, लग्नाच्या रुखवतात पाच मांडे. कुंदा मोजता येत नाही. 'दोन कुंदे द्या' असं दुकानात कोणी म्हटलं तर दुकानदार वर बघेल. कुंदा पाव किलो, अर्धा किलो, डब्यात भरून. इंग्रजीतलं जवळजवळ प्रत्येक नाम असंच मांड्याच्या नाहीतर कुंद्याच्या पंगतीला बसतं. मांड्याच्या पंगतीला 'मेनी', 'फ्यू', 'अ फ्यू'. कुंद्याच्या पंगतीला 'मच', 'लिटल', 'अ लिटल'. हाऊ मेनी मांडे, हाऊ मच कुंदा. पहिल्या दिवशी एवढंच.

मराठीत ही अडचण येत नाही, कारण आपला 'किती' दोन्हीकडे चालतो. किती मांडे, किती कुंदा. आपल्या भागातल्या पोरांना कन्नडही येतं आणि कन्नडचा 'एष्टु'ही तसाच दोन्हीकडे चालणारा. म्हणजे दोन भाषा येत असूनही इथं एकीचीही मदत नाही. थोडी मदत आहे ती 'केलवु' आणि 'स्वल्प' या जोडीत. 'केलवु जन' (काही माणसं) म्हणतात, 'स्वल्प नीरु' (थोडं पाणी) म्हणतात, पण 'केलवु नीरु' कोणी म्हणत नाही. ज्यांच्या घरी शेजारपाजारमुळे कन्नड कानावर आहे त्यांना मी हेच सांगतो. जिथं 'केलवु' बसतो तो मांडा.

आता एक फसवी जागा. गिऱ्हाईक म्हणून आपण 'नगावर की किलोवर' असा विचार करतो. ती कसोटी इंग्रजीला लावू नका. रविवार पेठेत कांदा किलोवर मिळतो, पण इंग्रजीत 'मेनी अनियन्स', कारण कांदा एक, दोन, तीन असा हातात घेता येतो. वजनकाटा विसरा, बोटं वापरा.

दुसरी फसवी जागा जास्त खोल आहे आणि ती आपल्याच भाषेने खणलेली आहे. मराठीत तांदूळ अनेकवचनी. 'तांदूळ संपले' म्हणतो आपण. म्हणून मुलं सर्रास 'मेनी राइस' लिहितात. इंग्रजीत राइस कुंद्यासारखा. मच राइस. केस पांढरे झाले म्हणतो, पण डोक्यावरचं सगळं मिळून इंग्रजीत 'हेअर' एकच. भाजीत एक सापडला तर मात्र 'अ हेअर', आणि तो मोजायलाच लागतो. बातम्या अनेक, न्यूज एकवचनी. न्यूजच्या शेवटी 'ज' ऐकू येतो म्हणून 'न्यूज आर' म्हणू नका, 'न्यूज इज'. दागिने अनेक, ज्वेलरी कुंदा. सामानसुमानाच्या बॅगा चार असतील, पण लगेज कुंदा. फर्निचर, इन्फर्मेशन, अडव्हाइस, होमवर्क, मशिनरी, ट्रॅफिक हे सगळे कुंदेच. 'मेनी इन्फर्मेशन्स' लिहिलेले अर्ज मी गठ्ठ्याने पाहिलेत.

सगळ्यांत वादाचा शब्द म्हणजे पैसे. वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी उठतोच.

"पैशे तर मोजूनच घेतो की वो सर! मग मच मनी कसं?"

प्रश्न रास्त आहे. त्याला मी खिशातून नोट काढायला लावतो आणि म्हणतो, मोज. तो मोजतो, दहा रुपये, वीस रुपये, तीस रुपये. बघ, तू रुपये मोजलेस. 'एक मनी, दोन मनी' म्हणालास का? (मागच्या बाकावरून कोणीतरी 'एक मनी, तिची चार पिल्लं' असं म्हणतंच. मांजराची ती मनी वेगळी.) रुपीज मांडे, मनी कुंदा. हाऊ मेनी रुपीज, हाऊ मच मनी.

उलटीकडूनही फसगत होते. आपल्याकडे भाजी एकवचनी, केवढी भाजी आणलीस, पण 'व्हेजिटेबल्स' मांडे. डाळ एकवचनी, पण 'लेन्टिल्स' अनेक. गर्दीचं तर विचारूच नका. गणपतीच्या दिवसांत गणपत गल्लीत जी गर्दी असते तिला पोरं 'मच क्राउड' म्हणतात. 'क्राउड' हा एक जमाव, त्याला मच लागत नाही. 'देअर वेअर सो मेनी पीपल' म्हणा, नाहीतर 'इट वॉज व्हेरी क्राउडेड'.

कुंद्याची वस्तू मोजावीच लागली तर डबा आणा. अ बॉक्स ऑफ कुंदा, अ पीस ऑफ फर्निचर, टू किलोज ऑफ राइस, थ्री कप्स ऑफ टी. मधला 'ऑफ' गाळू नका. आपण 'दोन किलो तांदूळ' म्हणतो, मध्ये काही घालत नाही, त्यामुळे 'टू किलो राइस' तोंडात येतं. गंमत म्हणजे डझनाला 'ऑफ' लागत नाही. अ डझन बनानाज, टू डझन बनानाज. कारण विचारू नका, तशी वहिवाट आहे.

घरी करायचं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या पंधरा वस्तू लिहा आणि प्रत्येकीपुढे 'कु' किंवा 'मां' लिहा. हे झाल्याशिवाय पुढची पायरी वाचू नका.

पायरी 2: खूप आणि अति

व्याकरणाच्या पुस्तकात 'मच' कुंद्याला असं लिहिलेलं असतं, म्हणून मुलं लिहितात, 'आय हॅव मच वर्क.' व्याकरणाने चूक म्हणता येणार नाही, पण रोजच्या इंग्रजीत असं कोणी बोलत नाही. साध्या होकारी वाक्यात मच अवघडून बसतो. नकारात आणि प्रश्नात तो मोकळा होतो. 'आय डोन्ट हॅव मच वर्क', 'हाऊ मच वर्क डू यू हॅव?' होकारी वाक्यात 'अ लॉट ऑफ' वापरा. 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क.' याची मोठी सोय म्हणजे मांडे असोत की कुंदा, हा दोन्हीकडे चालतो. अडलात की 'अ लॉट ऑफ'. फक्त पुढचा 'अ' खाऊ नका. 'लॉट ऑफ पीपल' हे आपल्याकडच्या मुलाखतींत इतकं ऐकू येतं की ते बरोबरच वाटायला लागलंय. एकतर 'अ लॉट ऑफ', नाहीतर 'लॉट्स ऑफ'.

क्रियापद कुणाच्या ओढीने जातं? 'ऑफ'नंतरच्या नामाच्या. अ लॉट ऑफ वॉटर इज, अ लॉट ऑफ फार्मर्स आर. 'लॉट'कडे बघू नका.

आणि 'टू मच'. आपल्याकडे तरुण पोरं कशालाही कौतुकाने 'टू मच' म्हणतात. मूळ इंग्रजीत 'टू' म्हणजे मर्यादेबाहेर, नको इतकं. लग्नघरी यजमानाला प्रेमाने 'देअर वॉज टू मच फूड' म्हणालात तर त्याचा अर्थ होतो, अन्न अति केलंत, वाया गेलं. 'देअर वॉज अ लॉट ऑफ फूड' म्हणा. 'लई' म्हणजे अ लॉट ऑफ, 'अति' म्हणजे टू मच किंवा टू मेनी. या दोघांत गोंधळ झाला की स्तुतीची तक्रार होते.

पायरी 3: चारेक आणि चारच

माझी फजिती जिथं झाली ती ही पायरी. इथं जरा थांबू.

'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल'. पुस्तकात लिहिलेलं असतं की पहिला नकारात्मक, दुसरा होकारात्मक. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत उलटं लिहितात. मीही तसंच पाठ केलं होतं, उपयोग झाला नाही. पुढे एकदा आईचं बोलणं ऐकताना डोक्यात उजेड पडला. शेतात भांगलणीला बायका सांगितल्या होत्या. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "चारेक बायका आल्या, झालं बघ काम." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चारच बायका आल्या, कसं व्हायचं काम?" दोन्ही दिवशी बायका चार. बदलला तो सूर.

चारेक म्हणजे अ फ्यू. चारच म्हणजे फ्यू.

'चारेक'मध्ये 'एक' मागून चिकटलाय. दहाएक, पन्नासेक, पाचेक मिनिटं. नेमका आकडा नाही, पण काही आहे, पदरात पडलंय. इंग्रजीतला 'अ' हाही मुळात त्यांच्या 'वन'चाच झिजलेला भाऊ. आपण 'एक' संख्येच्या मागे लावतो, ते 'फ्यू'च्या पुढे लावतात. दोन्हीकडे अर्थ तोच, आहे हो थोडंबहुत. तो 'अ' काढला की मराठीत 'च' लागला म्हणून समजा. थोडं आहे आणि थोडंच आहे.

लिटल कुंद्याच्या पंगतीचा, पण खेळ तोच. 'आय हॅव अ लिटल मनी' म्हणजे थोडे पैसे आहेत, चहा घेऊया. 'आय हॅव लिटल मनी' म्हणजे थोडेच आहेत, चहाचं नाव काढू नकोस. आमच्या जिल्ह्याचंच बघा. पश्चिमेकडे खानापूर, कणकुंबी भागात पाऊस धो धो. पूर्वेकडे अथणीच्या बाजूला ढगाकडे डोळे लावून बसायचं. 'अथणी गेट्स लिटल रेन' यात तक्रार आहे. 'वी गॉट अ लिटल रेन यस्टर्डे' यात समाधान आहे. अथणीचा शेतकरी ही दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात म्हणू शकतो.

तपासायची युक्ती सांगतो. मराठी वाक्यात 'फारसे नाहीत' टाकून बघा. बसलं तर 'अ' नको. फारशी माणसं आली नाहीत, फ्यू पीपल केम. आणखी सुरक्षित राहायचं तर 'व्हेरी फ्यू', 'व्हेरी लिटल' म्हणा, म्हणजे गैरसमजाला जागाच उरत नाही. बोलताना नुसता 'फ्यू' मी आता टाळतोच. 'नॉट मेनी' सोपा आणि कानाला सरळ.

दोन वाकडी वळणं. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे 'अ' असूनही 'फक्त थोडेच', कारण 'ओन्ली'ने 'च'चं काम केलं. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क 'बरेच'. हा पहिल्यांदा ऐकणारा शंभर टक्के फसतो. 'क्वाइट अ फ्यू बेळगाव बॉइज वर्क इन पुणे', म्हणजे बेळगावची बरीच पोरं पुण्यात कामाला आहेत, मोजकी नव्हे.

'लेस' आणि 'फ्युअर' यांचा फरकही इथंच. कुंद्याला लेस, मांड्याला फ्युअर. लेस शुगर, फ्युअर स्टुडंट्स. हा नियम फार जुना नाही. 1770 साली एका इंग्रज लेखकाने मला असं बरं वाटतं म्हणून सुचवला, आणि पुढे मास्तर लोकांनी तो कायदा केला. पूर्वी लेस दोन्हीकडे चालायचा आणि बोलण्यात अजून चालतो. तरी परीक्षेत आणि अर्जात नियम पाळा, तिथं मास्तरांचंच राज्य. अंतर, पैसे आणि वेळ यांना मात्र आकडा असूनही 'लेस'च लागतो. बेळगाव ते खानापूर 'लेस दॅन 30 किलोमीटर्स'. ते तीस किलोमीटर आपण एकेक करून मोजत नाही, सगळं मिळून एक अंतर धरतो.

पायरी 4: काही, काहीही, काहीच नाही

होकारी वाक्यात 'सम', नकार आणि प्रश्नात 'एनी'. आय हॅव सम फ्रेंड्स इन निपाणी. आय डोन्ट हॅव एनी फ्रेंड्स इन निपाणी. डू यू हॅव एनी फ्रेंड्स देअर? इथवर सगळ्यांना येतं. 'इफ' लागला तरी बहुतेक वेळा 'एनी'च. इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स, आस्क मी.

पण पाहुण्याला चहा विचारताना प्रश्न असूनही 'सम' येतो. 'वुड यू लाइक सम टी?' कारण आपण खरं म्हणजे प्रश्न विचारत नाही, आग्रह करतो. उत्तर होच येणार असं धरून चाललेलो असतो. आपल्याकडे 'चहा घेणार का?' असं विचारणं आणि 'घ्या की थोडा चहा' म्हणणं यांत जो फरक, तोच. बेळगावी माणसाने 'सम'च वापरावा.

होकारी वाक्यात 'एनी' आला तर त्याचा अर्थ 'कोणताही'. टेक एनी बस, म्हणजे येईल त्या बसमध्ये चढ. टेक सम बस म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल.

आता मोठी चूक. मराठीत 'कोणीच', 'काहीच' यांच्या पोटात नकार नसतो, तो पुढच्या 'नाही'ने येतो. कोणीच आलं नाही. काहीच खाल्लं नाही. इंग्रजीत 'नोबडी'च्या पोटातच नकार आहे, आणि नकार एकदाच लावायचा. 'नोबडी डिडन्ट कम' म्हटलं की दोन नकार एकमेकांना खातात. 'नोबडी केम.' आणि 'एनी'ला वाक्याच्या तोंडाशी बसवून पुढे नकार घालू नका. 'एनीबडी डिडन्ट कम' हे आपल्याकडचं अगदी घरगुती इंग्रजी आहे. वाक्य सुरू करायचं तर 'नोबडी', नंतर यायचं तर 'एनीबडी'. नोबडी केम. आय डिडन्ट सी एनीबडी. हे दोन तोंडात बसवा, बाकीचं आपोआप येतं.

पायरी 5: सुटे पण नडणारे

'एव्हरी' आणि 'ईच' यांना एकवचन. आपला 'प्रत्येक'ही एकवचनीच आहे, प्रत्येक मूल, प्रत्येक मुलं नव्हे. त्यामुळे इथं मराठी सांभाळून घेते. एव्हरी स्टुडंट हॅज. फक्त 'एव्हरी'चा अर्थ 'सगळे' असा डोक्यात बसला की 'एव्हरी स्टुडंट्स आर' बाहेर पडतं. अर्थ 'दर एक' असा धरा.

'वन ऑफ माय फ्रेंड'. बेळगावात शंभर जणांनी इंग्रजीत ओळख करून दिली तर हे वाक्य ऐकू येणारच. 'ऑफ' म्हणजे 'पैकी'. माझ्या मित्रांपैकी एक, म्हणजे मित्र अनेक. वन ऑफ माय फ्रेंड्स. पण क्रियापद त्या एकाचं, 'इज'. वन ऑफ माय फ्रेंड्स इज इन द आर्मी. लांब वाटत असेल तर 'अ फ्रेंड ऑफ माइन' म्हणा.

'मोस्ट पीपल' बरोबर, 'मोस्ट ऑफ द पीपल हिअर' बरोबर, 'मोस्ट ऑफ पीपल' चूक. 'मोस्ट'पुढे 'ऑफ' आला की मागोमाग 'द', 'माय', 'दीज' असं काहीतरी हवं. 'सम ऑफ', 'मेनी ऑफ' यांचंही तेच.

'अ नंबर ऑफ शॉप्स आर क्लोज्ड', म्हणजे बरीच दुकानं बंद आहेत. 'द नंबर ऑफ शॉप्स इज स्मॉल', म्हणजे दुकानांची संख्या कमी आहे. पहिल्यात दुकानं बोलतात, दुसऱ्यात संख्या बोलते. कुंद्यासाठी 'अमाउंट'. 'अ लार्ज अमाउंट ऑफ पीपल' म्हणू नका, माणसं काय पातेल्यात ओतायची आहेत?

'इनफ' नामाच्या आधी, विशेषणाच्या नंतर. इनफ मनी, पण टॉल इनफ. आपला 'पुरेसा' दोन्हीकडे आधीच येतो, म्हणून 'इनफ टॉल' होतं.

आकडा नेमका असेल तर हंड्रेड आणि थाउजंड अनेकवचनी होत नाहीत. फाइव्ह थाउजंड रुपीज. 'थाउजंड्स ऑफ' तेव्हा, जेव्हा आकडा सांगायचाच नसतो, हजारोंनी लोक आले असं म्हणायचं असतं.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी एक वेगळं लिहून ठेवा. 'एक्सपीरियन्स' दोन्ही पंगतींना जेवतो. नोकरीचा अनुभव कुंदा, 'टू इयर्स ऑफ एक्सपीरियन्स'. आयुष्यात आलेले अनुभव मांडे, 'मेनी एक्सपीरियन्सेस'. 'आय हॅव मेनी एक्सपीरियन्स' हे कुठल्याच पंगतीला नाही. आणि मुलाखतीत 'आय हॅव लिटल एक्सपीरियन्स' असं नम्रपणे म्हणू नका. तिथं नम्रता दिसत नाही, नुसती उणीव दिसते. 'सम एक्सपीरियन्स' म्हणा, तेवढंच पुरतं.

करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा. उत्तरं लगेच पुढे दिलीत, हाताने झाकून घ्या.

डब्यात कुंदा फारसा उरला नाही. देअर इज व्हेरी लिटल कुंदा लेफ्ट इन द बॉक्स.

माझ्याकडे पाचेक मिनिटं आहेत, बसा. आय हॅव अ फ्यू मिनिट्स, प्लीज सिट डाउन. (पाचेकला 'फाइव्ह मिनिट्स' चालेल का असं विचारतात. चालेल, पण मग पाचव्या मिनिटाला पाहुणा उठला तर बोलायचं नाही.)

घरात तांदूळ किती आहेत? हाऊ मच राइस इज देअर इन द हाउस? 'आर' लिहिलंत तर पायरी 1 परत.

कालच्या बैठकीला कोणीच आलं नाही. नोबडी केम टू यस्टर्डेज मीटिंग.

आमच्या गल्लीतल्या बऱ्याच पोरांना कन्नडही येतं. क्वाइट अ फ्यू बॉइज इन अवर गल्ली नो कन्नड टू. किंवा अ लॉट ऑफ बॉइज. 'टू' इथं शेवटी आलाय, तेव्हा तो 'अति' नाही, 'सुद्धा'.

शेवटचं माझंच वाक्य. दोनशेतल्या तीस कास्टिंगमध्ये ब्लोहोल आहेत हे त्या मेलमध्ये कसं लिहायला हवं होतं? वर्गात मुलं एका सुरात 'अ फ्यू' ओरडतात. मी मान हलवतो. दोनशेत तीस म्हणजे चारेक नव्हेत, आणि आकडा तर माझ्यासमोरच्या रिजेक्शनच्या वहीत लिहिलेला होता. 'थर्टी ऑफ द टू हंड्रेड कास्टिंग्ज हॅव ब्लोहोल्स. शुड वी शिप ऑर वेट?'